ग्रेसी टीचरचा वर्ग आणि बाहेरचा बाक

मी चर्चचे किस्से सांगायला लागले की घरचे म्हणतात, "अगं, तू तिथे प्रार्थनेला जातेस की टाइमपासला?" आता काय सांगू! बोरिवलीच्या आमच्या चर्चमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी, मोठ्या वयात ख्रिस्ती व्हायचं ठरवलेल्यांचा वर्ग भरतो. मी हजेरी घेते आणि चहा करते. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिलं कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर घेणं), तिन्ही संस्कार एका दमात घ्यायचे म्हणून माणसं वर्षभर तयारी करतात. मग किस्से साठणारच ना!

शिकवतात ग्रेसी टीचर. पालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, आवाज खणखणीत. त्यांचे मिस्टर वामनकाका मालवणचे, हिंदू. टीचरना संध्याकाळी नीट दिसत नाही, म्हणून काका त्यांना घेऊन येतात आणि वर्ग सुटेपर्यंत खिडकीबाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसतात. एकोणीस वर्षं!

*

पहिल्या दिवशी टीचर पुस्तक उघडत नाहीत. विचारतात, "घरात पहिल्यांदा नळ आला तो दिवस कुणाला आठवतो?"

चारकोपच्या सुशीलाताई हळूच म्हणाल्या, "मला आठवतो. माझी आई नळाखाली हात धरून रडली होती."

टीचर म्हणाल्या, "झालं! बाप्तिस्म्याच्या पाण्याबद्दल मी आता वेगळं काय शिकवू?"

मी जन्माची कॅथलिक, पण हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

*

अशोक गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटमन. त्याला सगळ्यात शंका. "टीचर, एकदा बाप्तिस्मा झाला ना? मग वर दृढीकरण कशाला?"

"तुझ्या पोराला नुसती आंघोळ घालून भागायचं का? तेल का लावायचात?"

"हाडं मजबूत व्हायला."

"मग! फादर कपाळाला तेल लावतात ते त्यासाठीच. उद्या घरचे बोलतील, शेजारी बोलतील, तेव्हा ताठ उभं राहता यायला पाहिजे."

अशोक म्हणाला, "मग फादरना सांगा, मला जरा जास्त लावा. माझी आई तुम्ही बघितली नाहीत!"

*

एकदा टीचरनी तिन्ही संस्कारांचा क्रम विचारला. कुणालाच आठवेना. बाहेरून, पेपरच्या मागून आवाज आला, "आधी पाणी, मग त्याल, मग ताट! आमच्यात दिवाळीक आधी त्याल, मग पाणी. ताट मात्र शेवटाकच!"

टीचर खिडकीकडे बघून म्हणाल्या, "बाकावरच्यांनी उत्तरं द्यायची नाहीत!" पण हसू काही लपलं नाही.

*

कम्युनियनच्या धड्याला टीचर डब्यातून एकच पोळी आणतात. तिचे तुकडे करून सगळ्यांना देतात. अशोक म्हणालाच, "टीचर, एवढ्याशाने काय होणार?"

"पोट भरायला वडापाव आहे रे. हे एका ताटातलं खायला."

त्या दिवशी एक तुकडा उरला. टीचर तो हातात घेऊन खिडकीतून बाकाकडे बघत राहिल्या, मग टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवला. सगळे गेल्यावर मी विचारलं, "काकांना कधी विचारलंत का हो, वर्गात येता का म्हणून?"

"सगळ्या जगाला विचारते गं. त्या एका माणसाला विचारायची भीती वाटते. माझ्यासाठी म्हणून हो म्हणाला तर? तसं नकोय मला." मग म्हणाल्या, "रविवारी मी कम्युनियनच्या रांगेत जाते आणि हा माझी पर्स धरून बसतो. तेवढ्या दहा मिनिटांत मला फार एकटं वाटतं."

मी कप विसळत राहिले.

*

संस्कार ईस्टरला होतात, त्याआधी रंगीत तालीम असते. फादरनी साधी, अजून आशीर्वाद न दिलेली भाकर, म्हणजे एक पातळ चकती, पुढे धरली आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

अशोक म्हणाला, "थँक्यू, फादर!"

"अरे, हा काय बर्थडे केक आहे?" टीचर कडाडल्या. "आधी आमेन, मग तोंड! आमेन म्हणजे हो, मला मान्य आहे. ते ऐकल्याशिवाय फादर हलणार नाहीत."

खिडकीतून काका म्हणाले, "दर वर्षाक एक तरी थँक्यूवालो असताच!"

मग टीचरनी नेहमीचं दाखवलं. बाप्तिस्मा न झालेल्यांनीही रांगेत यायला हरकत नाही. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, उजवा वर. म्हणजे फादर भाकर न देता नुसता आशीर्वाद देतात.

*

यंदा तालमीनंतर लगेच टीचरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अशोक आणि सुशीलाताईंचे संस्कार त्यांना बघायलाही मिळाले नाहीत. ईस्टरनंतरच्या एका रविवारी त्या काठी घेऊन मिस्साच्या प्रार्थनेला आल्या. फादरनी निरोप पाठवला की कम्युनियन जागेवर आणून देतो.

"मी रांगेतच येणार," टीचर म्हणाल्या आणि उठल्या. उठल्या त्या डगमगल्याच!

काकांनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली, टीचरचा दंड धरला आणि चालायला लागले. मी पर्स घट्ट धरून बघत बसले. दोघं हळूहळू पुढे पोचले. तिथे काकांनी त्यांचा दंड सोडला आणि शेजारी उभं राहून दोन्ही हात छातीवर ठेवले. फुलीसारखे. उजवा वर.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

टीचर काकांकडे बघतायत. फादर हात तसाच धरून उभे.

शेवटी काका त्यांच्या कानाशी वाकले. त्यांच्या कुजबुजीचा आवाज आमच्या बाकापर्यंत आला.

"गो ग्रेसी, आमेन म्हण! मागे लायन थांबली हा."