विहिरीवरची एक ओळ
एप्रिलच्या उन्हात वाळणाऱ्या मिरच्यांचा वास आला की मला अंधेरीतल्या आमच्या गावठाणातला चर्चमागचा हॉल आठवतो. बाहेर चटयांवर मसाला वाळत असायचा आणि आत आम्ही दोन जुन्या कॉम्प्युटरवर गावठाणाचं विकी लिहायचो, कुणालाही भर घालता येईल असा आठवणींचा कोश. त्याचा डॅशबोर्ड, म्हणजे पहिलं पान, मी हौसेनं सजवलं होतं. पण बदलायला उघडलं की मजकुराऐवजी मांडणीच्या खुणांचे नुसते कंसच कंस दिसायचे. शेजारच्या म्हाताऱ्या आंटीनं बुजवलेल्या विहिरीबद्दल लिहायला घेतलं, एक कंस पुसला गेला आणि सगळं पान विस्कटलं. "वाट लागली! मी नाय हात लावायची आता," म्हणत ती उठून गेली. चूक माझी होती. मग मी पानाचे लहान लहान चौकोन केले, कंस मागे दडवले आणि प्रत्येक चौकोनाखाली 'बदला' असं साधं बटण ठेवलं. पुढच्या रविवारी तिला हाताला धरून आणलं. रंगीत काचांतून ऊन तिच्या बोटांवर उतरलं होतं, पंखा संथ फिरत होता आणि ती पाण्यात वाकून पाहावं तशी पडद्यात पाहत, आपल्या बोलीत एकेक अक्षर उमटवत होती: 'आमचे बावीचं पानी गोर होतं.' पान जागच्या जागी राहिलं. "मोडलं नाय ना रे?" तिनं हळूच विचारलं. आंटी आता नाही. अधूनमधून कुणीतरी तिची ओळ शुद्ध मराठीत करून ठेवतं: 'आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं.' मी जुनी परत आणतो.