कोणत्या वारी आली?

वानुआ लेवू बेटाच्या किनाऱ्यावरल्या छोट्या इस्पितळात लोसालिनी बावीस वर्षं नोंदी ठेवत होती. चार वर्षांपूर्वी पुरानंतर ताप पसरला, तेव्हा तिची धाकटी बहीण वासेमादा समोरच्या लहान बेटावरून तापानं फणफणत तिथं आली आणि दुसऱ्या दिवशी वारली. कागदावर शेरा पडला, 'उशिरा आणले.' मयतीत लोसालिनीनं मेहुण्याला, सेमीला, सगळ्यांदेखत धरलं. "चार दिवस काय करत होतास? तू मारलंस तिला!"

"होडी..." एवढंच सेमी म्हणाला. तिनं पुढं बोलू दिलं नाही. तेव्हापासून अबोला.

यंदा राजधानीतून, सुवाहून, आरोग्य खात्याचा संगणकवाला अशनील आला. त्यानं संगणकात नवी सोय बसवली. वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं तो तिला 'नाऊ' म्हणायचा.

"नाऊ, आता माहितीसाठी मला पत्र लिहून चार महिने थांबायला नको. साध्या बोलण्यात विचार, संगणकच नोंदी धुंडाळेल."

"माझं इंग्रजी ऐकून पळून जाईल की रे!"

"माझं ऐकून नाही पळाला."

तो गेल्यावर तिनं अडखळत टाइप केलं : त्या बेटावरून येऊन तापानं मेलेले लोक कोणत्या वारी आले?

एकोणीसपैकी सतरा, गुरुवारी. सरकारी होडी गुरुवारीच यायची.

तिनं पुन्हा टाइप केलं : वासेमादासाठी होडी मागायला कुणी फोन केला होता?

सेमी. सोमवारी दोनदा, मंगळवारी तीनदा, बुधवारी एकदा. उत्तर : होडी नाही.

तिचा विश्वास बसेना. कोठीत जाऊन तिनं फोन घेणाऱ्या माणसाची जुनी फोनवही काढली. सहाही नोंदी होत्या. तो फोन तिच्या टेबलापासून वीस पावलांवर वाजत होता.

सतरा नावांची यादी तिनं वर पाठवली. 'नोंद घेतली,' असं उत्तर आलं. पुढं काही हललं नाही.

मग माफी मागायला रीतीप्रमाणे यांगोनाच्या, मानाचं पेय करतात त्या झुडपाच्या, मुळांची जुडी घेऊन ती सेमीच्या घरी गेली. जुडी त्याच्यापुढं ठेवली, मान खाली घातली. समोरच्यानं जुडी उचलली की माफी मिळाली, अशी रीत.

"सहा वेळा फोन केलास. मला कळलं, सेमी."

"कुणी सांगितलं?"

"संगणकानं."

सेमी म्हणाला, "मी सांगत होतो, तेव्हा तुम्हाला पटलं नाही."

जुडीला त्यानं हात लावला नाही. उठून आत गेला. लोसालिनी चटईवर बसून राहिली. तिला ऊठ म्हणणारंही घरात दुसरं कुणी नव्हतं.