सोवळ्यातली तपासणी

बालाजी घाटाजवळच्या गल्लीत सिस्टर प्रेमला आठल्ये यांना छाती दाखवायची, तर आंघोळीआधी जावं लागे. आंघोळ झाली की तिथली वैदिक मंडळी सोवळ्यात, आणि सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही. म्हणून पहाटे पाचलाच तिच्या दाराशी खोकणाऱ्यांची रांग लागे, आणि ती एकेकाला तपासून गंगेकडे सोडी.

पद्धत ठरलेली. आधी नुसतं बघायचं, मग चाचपायचं, मग बोटांनी ठोकायचं, शेवटी कानाला नळी. इस्पितळात वीस वर्षं काढली, पण एक पायरी गाळली नाही. आल्या आल्या नळी लावणाऱ्या डॉक्टरांचा तिला मनस्वी राग. एकदा रांगेतल्या शिवरामशास्त्र्यांना तिने दीर्घ श्वास घ्यायला सांगितला, तर त्यांनी नाकपुडी दाबून कुंभकच लावला. आत सामसूम. मग पाठीवर तळहात ठेवून ती म्हणाली, "एक-दोन-तीन म्हणत राहा."

"आकडे कशाला? सहस्रनाम म्हणतो."

सहस्रनाम अर्ध्यावर सोडत नाहीत. रांग पंचवीस मिनिटं उभी राहिली. डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी आवाजाची थरथर हाताला कमी लागते, तिथे पाणी असावं, हे तिने तिसऱ्या नावालाच ओळखलं होतं. उरलेली नावं पुण्यापुरती.

सगळ्या गल्लीला हात लावणाऱ्या या बाईला घरात एका माणसाला शिवता येत नसे. सासूबाई, आनंदीबाई. वय अडुसष्ट, सोळा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून सोवळं जे अंगावर चढलं ते उतरलंच नाही. चारला आंघोळ, मग स्वयंपाक, पूजा, संध्याकाळी पुन्हा आंघोळ. सून इस्पितळातून आली की त्या भिंतीला चिकटून वाट देत. चौऱ्याण्णवच्या चैत्रापासून तर हातभर जास्तच लांब सरकू लागल्या. प्रेमलाने नवऱ्याला, नीलकंठाला सांगितलं, "आईंचं सोवळं वाढलंय." बँकेतून दमून आलेल्या नीलकंठाने पान चघळत मान डोलावली. तेवढ्यावर विषय मिटला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आषाढातल्या एका सकाळी आनंदीबाई उद्याचं लुगडं उंच दांडीवर वाळत घालत होत्या. सोवळ्याचं वस्त्र हाताने नाही, काठीने चढवायचं. त्या हल्ली हे काम एका हाताने उरकत. त्या दिवशी लुगडं जड झालं, दोन्ही हात वर गेले आणि पदर सरकला. प्रेमला दारातच थांबली. वॉर्डात बायकांना ती रोज हेच सांगे, हात वर करा, मला बघू द्या. डाव्या स्तनावरची कातडी, वरच्या अंगाला, आत ओढली गेली होती. खळी पडावी तशी.

ती पुढे झाली.

"आई, मला बघायला हवं."

आनंदीबाईंनी पदर सावरला. "जरा ठहर. तू कालच्या कपड्यात आहेस."

वाद घालायला वेळ नव्हता. प्रेमला न्हाणीत गेली, डोक्यावरून चार तांबे घेतले आणि निथळत्या लुगड्याने परत आली. अंगावर ओलेतं, म्हणजे सोवळंच. याच्यापुढे आनंदीबाईंना बोलायला जागा नव्हती. त्या पाटावर टेकल्या आणि डावा हात डोक्यामागे घेतला. कसा घ्यायचा हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

तीन बोटं सपाट ठेवून प्रेमला काखेपासून गोल गोल आत आली. सुपारीएवढी गाठ. कडक, काठ खडबडीत, हलवून हलेना. काखेत आणखी एक, वाटाण्याएवढी.

"केव्हापासून?"

"चैत्रापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तू हात लावला असतास. मग फिरून आंघोळ." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि हात लावला असतास, म्हणजे 'आहे' म्हणाली असतीस."

त्या लांब सरकण्याचा अर्थ प्रेमलाला आत्ता लागला. चार महिने ती सोवळ्याला नावं ठेवत बसली होती आणि ही बाई गाठ लपवत होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. साधी असेल, दुधाची जुनी गाठ असेल, असं काहीतरी जिभेवर आलं.

"खोटं बोलू नकोस," आनंदीबाई म्हणाल्या. "ओलेत्याने आहेस."

"गाठ चांगली नाही. आजच सर्जनना दाखवायचं. मी बरोबर असेन."

"स्वयंपाक?"

"आज नाही."

त्या घरात सुनेने स्वयंपाकाला नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आनंदीबाईंनी मान डोलावली.

"झालं तपासून?"

"झालं."

"मग हात काढू नकोस एवढ्यात," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षांत कुणी लावला नाही."