तिसऱ्या मजल्यावरचा बांध

अगं धाकटे,

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल जे बोलताहेत ते ऐकलं असतंस तर उठून बसली असतीस. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, किती सोशिक होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने तर बोर्डावर लिहून लावलं, 'शांत व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व'. याच पोराला तू जिन्यात गाठून घाम फोडला होतास. मेलेल्या माणसाला गुळगुळीत करून ठेवायची लोकांना भारी हौस. मला ती नाही. म्हणून तुझी हकीकत एकदा नीट सांगून टाकते, आणि परक्याची सांगावी तशी सांगते. तुला समोर धरून बोलायला लागलं की तू मधे तोंड घालणार.

तर धाकटी. दोन जावांमधली धाकटी म्हणून धाकटी; पुढे सत्तरी ओलांडली तरी नाव तेच राहिलं. थोरली कॉलेजात शिकलेली, नोकरी करणारी. ती शेताकडे फिरायला जायची. शेत कसायची ती धाकटी. तिचा नवरा देवमाणूस होता, म्हणजे काडीच्या कामाचा नव्हता. त्यामुळे नांगरही तिनेच धरला आणि भांडणंही तिनेच केली.

भांडण एकाच माणसाशी. त्याचं शेत हिच्या शेताला लागून, मधे एक बांध. दर नांगरणीला तो बांधाचं एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, हळूच आपल्याकडे ओढायचा. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, नुसता तिरका सरकायचा. म्हणून धाकटीने त्याचं नाव खेकडा ठेवलं. तोंडावर मात्र 'भावजी'. तोही तिला 'वहिनी' म्हणायचा आणि पाठीमागे तोफ. त्याने तास ओढलं की पुढच्या खेपेला धाकटी तेवढंच परत ओढायची, वर चार बोटं आपल्या मनाची. दोन्हीकडून कोरून कोरून बांध इतका रोडावला, की शेळीसुद्धा त्याच्यावरून विचार करून चालायची.

बांधाच्या टोकाला मोजणीवाल्यांनी पुरलेला हद्दीचा दगड होता. तो चुकीच्या जागी आहे यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

मग शहर आलं. भेंडीच्या शेतात गाड्यांचं शोरूम उभं राहिलं. जनावरांच्या बाजाराच्या जागेवर जिम झाली आणि तिथे धडधाकट माणसं हौसेने ओझी उचलू लागली. खेकड्याने शेत विकलं तसं धाकटीनेही विकलं. बांधापलीकडे कोणी नाही म्हटल्यावर शेती करायची कोणाच्या नाकावर टिच्चून? बिल्डरचं मशीन आलं आणि इतक्या वर्षांत कोरून संपला नव्हता तो बांध ड्रायव्हरच्या जेवणाआधी पुसून टाकला. दोघं शेजारी उभी राहून बघत होती. तेवढी एक सकाळ दोघांत भांडण झालं नाही.

उखडलेला दगड धाकटीने टेम्पोत टाकून घेतला.

"तो कशाला गं?" थोरलीने विचारलं.

"त्याने नेऊ नये म्हणून."

त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत दोघांना एकेक फ्लॅट मिळायचा होता. बिल्डरने चिठ्ठ्या टाकल्या. दोघांचाही तिसरा मजला निघाला, दार समोर दार. थोरली मागच्याच इमारतीत राहायला आलेली. ती म्हणाली, "बिल्डरला तुमच्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं वाटतं."

दोन दारांच्या मधे फरशीचा पॅसेज. खेकड्याने आपल्या दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवलं. महिना झाला नाही तोच ते एक फरशी पुढे आलेलं दिसलं.

"भावजी, कपाटाला पाय फुटले वाटतं."

"झाडूवाली सरकवते हो वहिनी."

"ती बरी माझ्याच दारावर सरकवते?"

"तिचा उजवा हात जड आहे."

धाकटीने कोरफडीची कुंडी बाहेर काढली. मग कुंडी पुढे, कपाट मागे. कपाट पुढे, कुंडी मागे. शेवटी तिने वॉचमनकरवी गॅलरीतला दगड आणवला आणि पॅसेजच्या मधोमध ठेवला. खेकडा बाहेर आला, चष्मा लावून त्याने दोन्हीकडच्या फरश्या मोजल्या, दगडाला पायाने जरासं ढकललं आणि म्हणाला, "आता बरोबर."

कोणीतरी तक्रार केली तसा सेक्रेटरी वर आला. "काकू, हा पॅसेज कॉमन आहे."

"कॉमन म्हणजे कोणाचा?"

"सगळ्यांचा."

"म्हणजे वाली कोणीच नाही. मग आमचं आम्ही बघतो."

"पण दगड कशाला? अडखळेल कोणीतरी."

आतून खेकडा बनियनवरच बाहेर आला. "दगड इथलाच आहे. तुमची इमारत मागाहून आली," म्हणाला आणि धाकटीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सेक्रेटरी जिना उतरला. तो वळणावर पोचेपर्यंत मागे दोघांची जुंपली होती, कारण उभं राहायच्या निमित्ताने खेकड्याने कपाट कोपराने पुढे लोटलं होतं.

लोकांना हा पोरखेळ वाटायचा. थोरलीलाही वाटायचा, आणि ती तसं तोंडावर सांगायची. पण नवरा गेल्यापासून त्या अख्ख्या इमारतीत धाकटीला ओळखणारा तेवढा एकच होता. बाकीच्यांच्या लेखी ती कुरिअर ठेवून घेणारी काकू. हिने नवऱ्याला झोपू देऊन रात्रीबेरात्री पाण्याच्या पाळ्या धरल्या, बिथरलेला बैल एकटीने वेसणीला धरून आणला, हे खेकड्याला माहीत होतं. बिथरला तेव्हा बैल त्याच्याच पिकात शिरला होता.

आणि एक दिवस खेकड्याचा मुलगा आला. वडिलांना दूर आपल्या बंगल्यावर न्यायचं, इथला फ्लॅट भाड्याने द्यायचा. धाकटीने दाराला कान लावून सगळं ऐकलं आणि तशीच थोरलीकडे आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "ताई, तो गेला की मी नुसती काकू."

"मग सांग त्याला, थांबा म्हणून."

"मी? खेकड्याला?"

सांगायचं नाही, पण थांबवायचं होतं. धाकटीने डोकं चालवलं. माणूस कशासाठी थांबतो, तर जमिनीसाठी. तिने कुंडी उचलून थेट आपल्या उंबऱ्याला टेकवली, दगडही लोटत लोटत तिथेच आणला. सगळा पॅसेज रान मोकळं सोडावं तसा सोडून दिला. एवढी आयती जागा टाकून हा गडी जाणार नाही, अशी तिची खात्री होती.

खेकडा पेपर घ्यायला बाहेर आला. मोकळ्या फरशीकडे बघत राहिला. कपाटाला हातसुद्धा न लावता आत गेला. संध्याकाळी त्याने, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, धाकटीच्या दाराची बेल वाजवली.

"वहिनी, डॉक्टरांना दाखवलंत का?"

"कशासाठी?"

"नाही, कुंडी आत घेतलीत."

"मग?"

"जिवात जीव असेपर्यंत माणूस बांध सोडत नाही," खेकडा म्हणाला. "कुठे दुखतंय?"

धाकटीने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. पण खेकड्याने घरी जाऊन मुलाला बजावलं, शेजारच्या वहिनींचं काही खरं नाही, त्यांचं बरंवाईट कळल्याशिवाय मी हलत नाही. बॅगा परत माळ्यावर गेल्या.

हे कळल्यावर थोरली इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं मग पड की अंथरुणावर. वर्षभर कण्ह. फुकटात काम झालं."

धाकटी पडली. कण्हायचीही, पण बिनसरावाची. मधेच विसरून भांडी घासायला उठायची. खेकडा रोज डाळिंबं घेऊन यायचा, खुर्ची दारातच ओढून बसायचा, उंबऱ्याच्या आत यायचा नाही. तिथून जुन्या गोष्टी निघायच्या. थोरलीने दोघांना हसतानाही पकडलं होतं. असंच चाललं असतं तर कदाचित आजही चालू असतं.

पण खेकड्याला दया आली. खुर्चीतून जरा पुढे वाकून, आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात तो म्हणाला, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. बांध तुमच्याच बाजूला होता, असं समजू आपण."

धाकटीने पांघरूण फेकलं.

"समजू? समजू काय म्हणून? होताच."

"तेच म्हणतो मी, तुमच्या समाधानासाठी..."

"समाधान गेलं चुलीत. सरका." ती तरातरा बाहेर आली, कुंडी पायाने लोटत त्याच्या दारापर्यंत नेली, मग दगड नेला, वर कपाटाला एक लाथ घातली. चपला जिन्यात गेल्या.

खेकडा खुर्ची धरून बघत होता. त्याचा चेहरा उजळला. "ठणठणीत आहात की," तो म्हणाला, आणि निर्धास्त मनाने मुलाबरोबर निघून गेला. गाडीत बसताना वर बघून म्हणाला तेवढं एकच, "वहिनी, दगडात अर्धा वाटा माझा आहे."

त्याच्या जागी नवरा-बायको राहायला आली, तरुण, सज्जन. धाकटीने पहिल्याच दिवशी कुंडी थेट त्यांच्या उंबऱ्याला टेकवली. पोरगी गोड हसून म्हणाली, "घ्या ना काकू, सगळा पॅसेज घ्या. आम्हाला काही लागत नाही." त्यानंतर धाकटीने कुंडी हलवली नाही. थोरलीकडे येऊन म्हणाली, "यांच्याशी कसं वागायचं गं माणसाने?"

तेव्हाच आपलं ठरलं होतं, धाकटे. दगड गाडीत घालायचा, दोघींनी खेकड्याच्या मुलाच्या बंगल्यावर जायचं, आणि चहा होईपर्यंत तो त्याच्या कुंपणाच्या आत वीतभर नेऊन ठेवायचा. आत का, तर त्याने तो बाहेर ढकलावा म्हणून. कधी तुझे गुडघे आडवे आले, कधी माझी पाठ, कधी भाच्याची गाडी गॅरेजला. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिलो.

तू गेल्याचं कळवायला मी त्याला फोन केला. सोशिक म्हणाला नाही, मनमिळाऊ म्हणाला नाही. विचारलं एवढंच, "दगड कुणाकडे आहे?"

पॅसेजमध्येच आहे. सकाळी दूधवाला त्याच्यावर पिशवी ठेवून जातो. मला एकटीला तो हलत नाही.