झिपऱ्याचं टक्कल

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार झिपऱ्या म्हणायचा. नाव शोभायचंही. शिवणक्लासमध्ये मशीन खोलून बसला की काळी कुरळी झुलपं डोळ्यांवर यायची. हात तेलाने माखलेले, म्हणून तो फुंकर मारमारून ती उडवायचा. एकदा क्लासमधल्या एका मुलीला ते बघवेना. तिने वेणीतली पिन काढली आणि सरळ त्याच्या केसांत खोचली. क्लासभर खसखस पिकली. वर्षभरात तीच त्याची बायको झाली.

पुढे मुलगी झाली. बाबांच्या खांद्यावर बसायचं आणि दोन्ही मुठींत केस धरून त्यांना हवं तिकडे वळवायचं, हा तिचा खेळ. "हळू गं, लगाम तुटेल!" तो ओरडायचा, आणि तिला आणखी चेव यायचा.

तिचं लग्न होईपर्यंत लगाम खरंच तुटत आले होते. काम मान खाली घालून करायचं. गिऱ्हाइकाला आधी दिसायचा तो डोक्याचा मध्य, आणि नेमका तिथेच चंद्र उगवलेला. मित्र अजूनही झिपऱ्याच म्हणायचे, पण ओठ दाबून. त्याला ते लागायचं. अखेर तो गुपचूप त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेला.

"शरीरातला एक हार्मोन केसांची मुळं बारीक करत नेतो," त्या म्हणाल्या. "हे औषध डोक्याला लावायचं, ते त्याला तिथल्या तिथे अडवतं. थांबवलंत, तर राखलेले केसही जातील. आणि घरात कुणी गरोदर असेल, तर तिचा हात याला लागता कामा नये. पोटातल्या बाळाला धोका असतो."

आमच्या घरात कोण गरोदर असणार, म्हणून ते त्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. काही महिन्यांत गळती थांबली, चंद्रावर लव आली. बायकोने उशीच्या अभ्र्याचा वास घेऊन चोरी पकडली.

"कुणासाठी चाललंय हे?"

"तुझ्यासाठीच."

"हो का! मग चोरून कशाला लावता?"

त्यानंतर मुलीला दिवस गेले आणि ती विश्रांतीला घरी आली. आता त्याला डॉक्टरबाईंचे शब्द आठवले. टॉवेल वेगळा, उशी वेगळी, घरातही टोपी. ती शेजारी बसली की हा काहीतरी निमित्त काढून उठायचा.

एका दुपारी ती तेलाची वाटी घेऊन आली. "बसा बाबा, डोकं चोळून देते."

"नको! हात लावू नकोस!"

तिचा चेहरा उतरला. "आल्यापासून बघतेय. माझं काही चुकलं का?"

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. ती पोट धरून हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले."

त्याच दिवशी बाटली कपाटावर गेली. त्याने डोकं साबणाने खसाखसा धुतलं, टोपी आणि अभ्रेही धुऊन काढले. थोडे दिवस जाऊ दिले आणि मग स्वतःच वाटी घेऊन तिच्यापुढे बसला.

"आता इथे काही उरायचं नाही हं," तो म्हणाला.

"नसू दे. माझा हात नीट फिरेल."

नातू झाला, तोवर केस गेले होते. बाळाला घेऊन मुलगी परत गेली, तेव्हा बायकोनेच बाटली खाली काढली. "आता लावा की."

त्याने बाटली हातात घेतली, थोडा वेळ फिरवली आणि ठेवून दिली. संध्याकाळी न्हाव्याकडे जाऊन उरलेसुरले केसही उतरवून आला.

बायको त्या गुळगुळीत डोक्याकडे बघतच राहिली. मग कानामागे बोट टेकवून म्हणाली, "अहो, ही खूण कसली? इतक्या वर्षांत कधी दिसली नाही."

त्याने चाचपून पाहिलं. तोही विसरला होता. "लहानपणी दादाने मला सायकलवर डबलसीट घेतलं होतं. उतारावर दोघेही आपटलो. त्याने रुमाल दाबून धरला आणि मला पाठुंगळी घेऊन घरापर्यंत आणलं. वाटभर स्वतःच रडत होता."

"मग आई काय म्हणाल्या?"

"तिला कुठे कळलं? केसांखाली झाकलं गेलं."

दादाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्याबद्दल तो कधी फारसं बोलत नसे. त्या संध्याकाळी मात्र बोलत राहिला, आणि बायकोने त्याला मध्ये एकदाही तोडलं नाही.