मठातले वाढपी काका

महाराष्ट्र नुकता झाला होता, मी तिकडं शाळेत मास्तर होतो. जानेफळजवळच्या मठात पंगतीला वाढायला एक काका असत. रिकामी पत्रावळ त्यांना बघवत नसे. त्यांची बादली दिसताच आम्ही पत्रावळीवर हात आडवे धरायचो. तरी ते वाढायचेच.

एकदा एक गोरा पाहुणा आठ दिवस मौन धरायला आला. अन्न टाकू नये, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो पत्रावळ पुसून साफ करी, काका पुन्हा भरत.

"गुरुजी, ह्याले नाही म्हनणं माहीतच नाही," ते मला कौतुकानं सांगत. "खरा साधू हाय!"

पाचव्या दिवशी घामाघूम झालेल्या त्या बिचाऱ्यानं आमचं बघून पत्रावळीवर दोन्ही हात धरले. काकांचे डोळे भरून आले.

"शिकला बापा! आपल्यातलाच झाला!" ते म्हणाले, आणि त्याच्या बोटांच्या फटीतून वरण ओतलं.