बाहेरून डेटाबेस उघडेल का?

"येस सर, शंभर टक्के उघडेल," असं इंटरनेटवर जागा भाड्यानं देणाऱ्या त्या होस्टिंग कंपनीच्या चॅटवरच्या माणसानं मला लिहून दिलं होतं. मी सर नाही, बाई आहे, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तेसुद्धा त्याच्या डोक्यात शिरेना, तर माझा प्रश्न काय कपाळ शिरणार! पण मी वर्षाचे पैसे भरून मोकळी झाले. घाई होती ना.

घाई बाबांसाठी होती. बाबा गिरगावात एकटेच राहतात, ऐंशी उलटली. हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून दादरच्या एका रुग्णसाहित्य केंद्रात जायला लागले. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, पलंग, असं सामान आजारी माणसाच्या घरी वापरायला द्यायचं आणि गरज संपली की परत आणायचं. कुठली वस्तू कुणाकडे आहे, याची नोंद बाबांकडे. त्यासाठी मी फार वर्षांपूर्वी त्यांना कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. हिरवं बटण दाबलं की नवी नोंद, लाल दाबलं की सामान परत आलं. एवढंच. मी काही इंजिनिअर वगैरे नाही, परळच्या एका ऑफिसात नोकरी करते, हौसेनं शिकले तेवढं येतं.

गेल्या वर्षी बाबांचा खुबा मोडला. जिने उतरणं बंद, दादरही बंद. केंद्राचे सेक्रेटरीकाका घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत घरून जमवता आलं तर तुम्हीच बघा. नाहीतर आम्ही दुसऱ्या कुणाला तरी सांगतो." ते जिना उतरून गेले. मग बाबा मला म्हणाले, "जमव गं काहीतरी. हे पण गेलं तर मी दिवसभर करू काय?"

काम तसं साधं होतं. यादी इंटरनेटवर ठेवायची, म्हणजे दादरची मंडळी ती मोबाइलवर बघतील आणि बाबा गिरगावातून नोंदी करतील. मी म्हटलं, वेबसाइटवरच नवीन फॉर्म करून देते. बाबा ऐकेनात. डोळे अधू, हात थरथरतो, पण त्या हिरव्या-लाल बटणांच्या जागा त्यांना पाठ आहेत. म्हणजे घोडं अडलं ते इथे: बाबांच्या जुन्या प्रोग्रॅमला घरबसल्या होस्टिंगवरचा डेटाबेस, म्हणजे ती यादी, उघडता आला पाहिजे. आणि केंद्राच्या कमिटीला हे सगळं स्वस्तात हवं.

पहिल्या कंपनीनं पैसे घेतल्यावर हात वर केले. "ती सोय या प्लॅनमध्ये नाही, सर." अरे, मग आधी हो कशाला म्हणालास? वर शेवटी विचारतो, माझ्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल! दुसऱ्या कंपनीत सोय होती, पण अख्खा सर्व्हर घ्यायचा, आणि त्याचा भाव ऐकून सेक्रेटरीकाकांनाच पलंगावर झोपवायची वेळ आली असती. तिसरी मिळाली. दरही परवडणारा, बाहेरून जोडणीही चालेल. अट एकच: ज्या घरून जोडायचं त्या घरच्या इंटरनेटचा नंबर आधी त्यांच्या पानावर नोंदवायचा. दार फक्त त्या नंबराला उघडणार, दुसऱ्या कुणाला नाही. मी एका रविवारी गिरगावात जाऊन नंबर नोंदवला, प्रोग्रॅम उघडला आणि अख्खी यादी समोर आली. बाबांनी टाळी वाजवली हो! मी त्यांना इतक्या महिन्यांत हसताना बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन. "अगं, काहीच दिसत नाहीये."

घरच्या इंटरनेटचा नंबर बदलला होता. मी फोनवरून त्यांच्याकडून नवा नंबर वाचून घेतला, ऑफिसातून नोंदवला. चालू. मंगळवारी सकाळी पुन्हा बंद. बुधवारी तेच. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला आणि मी चॅटवर. प्रत्येक वेळी नवा माणूस, त्याला पहिल्यापासून रामायण सांगायचं. तो म्हणे, चूक तुमच्या इंटरनेटवाल्याची. इंटरनेटवाला म्हणे, चूक होस्टिंगची. माझं डोकं इतकं फिरलं की ऑफिसातले लोक माझ्या टेबलाकडे यायचे बंद झाले. इंटरनेटवाल्यानं एकदा विचारलंही होतं, "मॅडम, राउटर बंद करता का?" मी त्यालाच झापलं. "राउटर कोण बंद करतं हो?" बाबांना विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी मी डाळिंब्यांची उसळ घेऊन गेले. जेवण झालं. बाबा वॉकर धरून उठले आणि आमच्या घरात लहानपणापासून रोज बघत आलेली फेरी सुरू झाली. गॅसचा कॉक, गिझर, टीव्ही, पंख्याचं बटण. मग वाकून, धापा टाकत, त्यांनी राउटरही बंद केला.

"बाबा! हे काय करताय?"

"आता झोपणार ना मी. वापरत नाही तर कशाला चालू ठेवायचं? रात्रीपण करतो."

म्हणजे राउटर रोज बंद, आणि पुन्हा चालू झाला की इंटरनेटचा नंबर नवा! मी भडकले. काय काय बोलले ते आठवलं तरी लाज वाटते. आठवडाभर माझा जीव खाल्लात, लोकांशी भांडायला लावलंत, एक बटण चालू ठेवता येत नाही? "जमत नसेल तर सोडून द्या ना ते काम!" हे तर अगदी ओरडून. बाबा वॉकर धरून पलंगाकडे गेले. मी राउटर चालू केला, त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली, नंबर नोंदवला आणि तणतणत माटुंग्याला माझ्या घरी परतले.

सोमवारी सकाळी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. मी ऑफिसातून कंपनीच्या पानावर पाहिलं, जोडणी छान चालू होती. नंबर जागचा हलला नव्हता. मी स्वतःवरच खूश होऊन बाबांना फोन लावला.

"बघा, झालं की नाही!"

"झालं गं. एकदम मस्त चालतंय." मग म्हणाले, "मी रविवारीच सेक्रेटरींना सांगून टाकलं, दुसरा माणूस बघा म्हणून. तुला किती त्रास. एक तारखेपासून तो येतोय."

"बाबा, अहो, मी रागात बोलले..."

"असू दे गं. बरोबरच बोललीस." मागे कीबोर्डवर एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. "त्याच्यासाठी लिहून ठेवतोय. दोन नंबरच्या पलंगाचं हँडल उलटं फिरवावं लागतं. कुणाच्या घरी लिफ्ट नाही, कुणाला दुपारी फोन करायचा नाही. हे सगळं माझ्या डोक्यातच होतं ना." पुन्हा एक बटण. "मी इथून लिहिलेलं त्याला तिकडे दिसेल ना?"

"दिसेल," मी म्हटलं.